पाण्यातला पीकेए संगणकावर काढताना: तयारी, टप्प्यांचा क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

"ॲसेटिक आम्लाचा पीकेए अकरा येतोय, सॉल्व्हेंट मॉडेल बदलून बघू का?" प्रोजेक्ट करणाऱ्या विद्यार्थ्यांकडून हा प्रश्न मला दरवर्षी येतो. (पीकेए म्हणजे आम्लाच्या बळाचा आकडा, जितका लहान तितकं आम्ल बळकट; सॉल्व्हेंट मॉडेल म्हणजे द्रावकाचा परिणाम हिशेबात धरण्याची पद्धत.) आकडा बदलतो, प्रश्न तोच राहतो. आउटपुट फाइली मागवून पाहिल्या की बहुतेक वेळा मॉडेल निर्दोष निघतं. चुकलेला असतो जमाखर्च: कुठली ऊर्जा कुठल्या अवस्थेतली, कुठल्या संहतीची, कुठल्या रचनेची. हा लेख त्या जमाखर्चासाठी आहे.

उदाहरण म्हणून पाण्यातलं ॲसेटिक आम्ल घेतलं आहे. प्रयोगातला पीकेए ४.७६. रेणू लहान आहे, त्यामुळे साध्या लॅपटॉपवरही सगळे टप्पे करून बघता येतील. क्वांटम रसायनशास्त्राचा प्रोग्राम गॉसियन असो की ऑर्का, क्रम तोच. पुढे सगळ्या ऊर्जा किलोकॅलरी प्रति मोलमध्ये आणि तापमान २९८.१५ केल्विन.

## तयारी: आधी कागद, मग संगणक

इनपुट फाइल उघडण्याआधी कागदावर तीन गोष्टी लिहा.

पहिली, अभिक्रिया. आम्ल एक रेणू, त्यातून ॲसिटेट आयन आणि प्रोटॉन असे दोन कण. डावीकडे एक, उजवीकडे दोन. ही कणांची संख्या पुढे फार महत्त्वाची ठरते, म्हणून ती ठळक लिहा. प्रत्येक कणाचा विद्युतभारही शेजारी लिहा.

दुसरी, चक्र. आम्ल पाण्यातून वायूत काढलं, वायूत तोडलं, तुकडे परत पाण्यात सोडले. थेट पाण्यातली तोडणी आणि हा वळसा, दोन्हींची मुक्त ऊर्जा (एन्ट्रॉपी धरून येणारी ऊर्जा, जिच्यावरून पीकेए निघतो) एकच असली पाहिजे. चौकोन काढा आणि चारही बाजूंवर बाण दाखवा. चिन्हांच्या निम्म्या चुका या चित्रावरच पकडल्या जातात.

तिसरी, तुम्हाला किती अचूकता हवी आहे. पीकेएचा एक अंक म्हणजे १.३६४ किलोकॅलरी. पाण्यासाठी सर्रास वापरलं जाणारं एसएमडी हे सॉल्व्हेंट मॉडेल २००९ साली मरेनिच, क्रेमर आणि ट्रुहलर यांनी प्रसिद्ध केलं. त्याची सरासरी चूक विद्युतभार नसलेल्या रेणूंसाठी ०.६ ते १.० आणि आयनांसाठी सुमारे ४ आहे. चार भागिले १.३६४ म्हणजे जवळजवळ तीन अंक! आम्ल तीनचं की सहाचं, हेही त्यातून खात्रीने सांगता येणार नाही. त्यामुळे थेट पद्धत वापरायची (प्रोटॉनसकट वरचं चक्र) की तुलनेची (माहीत असलेल्या आम्लाच्या आधारे, टप्पा ५), हे कॅल्क्युलेशन सुरू करण्याआधीच ठरवायचं असतं. उत्तर आल्यावर सोयीची पद्धत निवडणं म्हणजे स्वतःचीच फसवणूक.

## टप्पा १: पाण्यात रेणू कुठल्या रूपात आहे ते ठरवा

हा टप्पा सगळे घाईत उरकतात आणि तिथेच पाया कच्चा राहतो.

ग्लायसीन घ्या. पाण्यात ते झ्विटरआयन असतं, एका टोकाला धन, दुसऱ्या टोकाला ऋण. हीच रचना वायू-अवस्थेत ऑप्टिमाइझ करायला, म्हणजे कमीत कमी ऊर्जेच्या मांडणीपर्यंत न्यायला, दिली, तर प्रोटॉन नायट्रोजनवरून उडी मारून ऑक्सिजनवर जातो आणि तुमच्या हाती वेगळाच रेणू येतो. प्रोग्राम काही तक्रार करत नाही, जॉब नॉर्मल संपतो. शेवटची रचना डोळ्यांनी पाहिली नाही, तर हे कळतही नाही. २-पायरिडोनचंही असंच: वायूत हायड्रॉक्सी रूप किंचित पुढे, पाण्यात पायरिडोन रूप. म्हणून ज्या रेणूत प्रोटॉनला दोन-तीन घरं आहेत, त्याची सगळी रूपं पाण्याच्या मॉडेलमध्येच तपासा.

त्यानंतर कॉन्फॉर्मर, म्हणजे बंध न तोडता नुसते वळवून होणारी रेणूची वेगवेगळी रूपं. ॲसेटिक आम्लात हायड्रॉक्सिलचा हायड्रोजन कार्बोनिलच्या बाजूला वळलेला असतो तेव्हा रेणू स्थिर असतो. उलट बाजूला वळवला तर वायूत तो पाच-एक किलोकॅलरीने महागतो. पाण्यात मात्र हे अंतर बरंच कमी होतं, कारण उलट वळलेल्या रूपाचा द्विध्रुव मोठा असतो आणि पाणी त्याला अधिक सांभाळून घेतं. यातून दोन गोष्टी कळतात: वायूतला सर्वांत स्थिर कॉन्फॉर्मर पाण्यातही पहिलाच असेल असं धरून चालता येत नाही; आणि वायूतली ऊर्जा एका कॉन्फॉर्मरची, सॉल्व्हेशनची (वायूतून द्रावकात जाण्याची) दुसऱ्याची, अशी सरमिसळ केली तर अनेक किलोकॅलरींची चूक एका झटक्यात होते.

लवचीक रेणूंसाठी क्रेस्टसारखं कॉन्फॉर्मर शोधणारं साधन वापरा आणि शोध घेताना पाण्याचा पर्याय चालू ठेवा. वायूत शोध घेतला तर रेणू स्वतःभोवतीच गुंडाळून अंतर्गत हायड्रोजन बंध करतो. पाण्यात त्याला त्याची गरज नसते, बंध करायला पाणी असतंच. आलेल्या यादीतले सर्वांत खालच्या कॉन्फॉर्मरपासून तीन किलोकॅलरीच्या आतले सगळे पुढे न्या आणि शेवटी बोल्ट्झमन बेरीज (ऊर्जेनुसार वजन देऊन केलेली) करा. एकच उचलायचा असेल, तर निदान तो पाण्यातला असू द्या.

तपासा: प्रत्येक ऑप्टिमायझेशननंतर रचना उघडून बंध मोजा. सुरुवातीला जिथे प्रोटॉन होता तिथेच आहे ना?

## टप्पा २: रचना आणि फ्रिक्वेन्सी

ॲसिटेटसारख्या ऋण आयनासाठी बेसिस सेटमध्ये (इलेक्ट्रॉन मांडायला वापरलेल्या फंक्शन्सच्या संचात) डिफ्यूज, म्हणजे दूरवर पसरणारी, फंक्शन्स हवीतच: निदान ६-३१+जी(डी,पी), जमलं तर त्याहून मोठा. जादा इलेक्ट्रॉन सैल पसरलेला असतो, त्याला जागा दिली नाही तर वायूतली ऋण आयनाची ऊर्जा अवास्तव वर जाते आणि आम्ल आहे त्यापेक्षा दुबळं दिसतं. आम्लाला छोटा आणि आयनाला मोठा बेसिस सेट देणं तर अजिबात चालणार नाही. दोघांना एकच पद्धत, एकच बेसिस सेट, इंटिग्रेशन ग्रिडही एकच.

रचना जिथे ऑप्टिमाइझ केली, फ्रिक्वेन्सी (रेणूच्या कंपनांची वारंवारता, जिच्यावरून एन्ट्रॉपी आणि मुक्त ऊर्जा निघते) तिथेच करा. द्रावकात ऑप्टिमाइझ करून फ्रिक्वेन्सी वायूत काढली, तर ती रचना वायूच्या ऊर्जापृष्ठावरच्या तळाशी नसते आणि एरवी नसलेल्या काल्पनिक फ्रिक्वेन्सी (रचना तळाशी नसल्याची खूण) दिसू लागतात. गॉसियनमध्ये एकाच फाइलमध्ये दुसरा जॉब जोडताना द्रावकाचा कीवर्ड पुन्हा लिहावा लागतो. तो आपोआप पुढे जात नाही, आणि ही चूक मी इतक्या फाइलींमध्ये पाहिली आहे की आता सर्वांत आधी तीच शोधतो.

छोट्या फ्रिक्वेन्सींवर लक्ष ठेवा. मिथाइल गट गरगर फिरतो, त्याचं कंपन स्प्रिंगसारखं धरलं की एन्ट्रॉपी भलतीच फुगते. २० व्हेव्हनंबरची (प्रति सेंटिमीटर) एक फ्रिक्वेन्सी १०० वर आणून ठेवली, तर मुक्त ऊर्जा ०.९५ ने बदलते. एका सैल हालचालीपायी पीकेएत ०.७ चा फरक! म्हणून १०० च्या खालच्या सगळ्या फ्रिक्वेन्सी १०० धरण्याची किंवा ग्रिम यांची क्वासी-हार्मोनिक दुरुस्ती वापरण्याची पद्धत आहे. कोणतीही घ्या, पण आम्ल आणि आयन दोघांना सारखीच लावा.

तपासा: काल्पनिक फ्रिक्वेन्सी शून्य. हार्ट्रीतल्या (प्रोग्राम छापतो त्या एककातल्या) ऊर्जा सहा दशांश स्थळांपर्यंत उतरवा. हार्ट्रीत ०.००१ चा फरक म्हणजे ०.६३ किलोकॅलरी, तेव्हा तीन स्थळांवर तोडलेला आकडा या कामाला निरुपयोगी.

## टप्पा ३: मॉडेल निवडा आणि द्रावकाचं नाव नीट लिहा

इम्प्लिसिट मॉडेल द्रावकाचे रेणू दाखवत नाही. रेणूच्या आकाराची एक पोकळी कोरतं आणि बाहेर सलग माध्यम भरतं. रेणूचा विद्युतभार माध्यमाला ध्रुवित करतो, ध्रुवित माध्यम उलट रेणूवर परिणाम करतं, आणि हे दोघांत जुळेपर्यंत चालतं. हा झाला स्थिरविद्युत भाग. पोकळी कोरण्याचा खर्च, विखुरण बल आणि जवळच्या थरातले परिणाम हा दुसरा भाग.

गॉसियनचं मूळ पीसीएम (असंच एक इम्प्लिसिट मॉडेल) दुसरा भाग सहसा धरत नाही. एसएमडी दोन्ही धरतं. सॉल्व्हेशन मुक्त ऊर्जेचा प्रत्यक्ष आकडा हवा असेल, तर एसएमडी घ्या. नुसती रचना किंवा स्पेक्ट्रम हवा असेल, तर पीसीएमही पुरतं.

काही गोष्टी इथे हमखास चुकतात. गॉसियनमध्ये द्रावकाचं नाव लिहिलं नाही, तर तो पाणी धरून मोकळा होतो. टोल्युइनमधली अभिक्रिया पाण्यात केल्याचं मग शोधनिबंध लिहिताना कळतं. टोल्युइनचा परावैद्युत स्थिरांक (द्रावक विद्युतभाराचा परिणाम किती दाबतो त्याचं माप) २.४ आणि पाण्याचा ७८.४, फरक काय पडतो ते सांगायला नको. दुसरं, यादीत नसलेला द्रावक किंवा पाणी-एथेनॉलसारखं मिश्रण असेल, तेव्हा लोक फक्त परावैद्युत स्थिरांक बदलतात. एसएमडीला तेवढ्याने भागत नाही. अपवर्तनांक, द्रावकाची हायड्रोजन बंध देण्या-घेण्याची क्षमता, पृष्ठताण, ॲरोमॅटिक आणि हॅलोजन अणूंचं प्रमाण, हे सगळं तो मागतो. ते न दिल्यास दुसरा भाग भलत्याच द्रावकाचा राहतो.

सावधान: आउटपुटमध्ये द्रावकाचं नाव आणि परावैद्युत स्थिरांक छापलेला असतो. इनपुटमध्ये काय लिहिलं यावर विसंबू नका, छापलेलं वाचा.

## टप्पा ४: सॉल्व्हेशन मुक्त ऊर्जा, आणि आधी चार ओळखीचे रेणू

एकाच रचनेवर दोन सिंगल पॉइंट (रचना न हलवता काढलेली ऊर्जा): एक वायूत, एक एसएमडी पाण्यात. दोन्हींची वजाबाकी ही सॉल्व्हेशन मुक्त ऊर्जा. ज्या पातळ्यांवर (पद्धत आणि बेसिस सेट यांच्या जोड्यांवर) एसएमडीचे आकडे बसवले, त्यांतली एक, म्हणजे एम०५-२एक्स आणि ६-३१जी(डी), या वजाबाकीसाठी चांगली चालते. वायूतली खरी ऊर्जा मात्र वेगळ्या, वरच्या पातळीवर काढायला हरकत नाही. दोन कामं दोन पातळ्यांवर असली तरी चालतात, पण एका वजाबाकीत दोन पातळ्या आल्या की उत्तर कचऱ्यात.

गॉसियनच्या आउटपुटमध्ये एसएमडीचा दुसरा भाग वेगळा छापलेला दिसतो आणि शेजारीच लिहिलेलं असतं की तो वरच्या एकूण ऊर्जेत धरला आहे. विद्यार्थी तो परत मिळवतात. एकदा धरलेला पुन्हा मिळवू नका.

आपला रेणू लावण्याआधी हे चार करून बघा. पाण्यातली प्रायोगिक मूल्यं: मीथेन +२.०, बेंझीन −०.९, मिथेनॉल −५.१, ॲसिटामाइड −९.७. यांत मीथेन माझा आवडता. त्याला विद्युतभार जवळजवळ नाहीच, त्यामुळे स्थिरविद्युत भाग शून्याच्या आसपास असतो आणि ते +२.० जवळजवळ सगळं दुसऱ्या भागातून येतं. तुमचं मीथेन शून्यावर आलं, तर दुसरा भाग बंद आहे. चार मिनिटांच्या जॉबमधून ही खात्री होते, आणि ती न करता पुढे गेलेल्यांचे आठवडे वाया गेलेले मी पाहिले आहेत.

## जमाखर्च: इथे सर्वांत जास्त वेळ द्या

वायू-अवस्थेतली मुक्त ऊर्जा प्रोग्राम १ ॲटमॉस्फिअर दाबासाठी देतो. पीकेए असतो १ मोलर द्रावणासाठी. एका ॲटमॉस्फिअरला एक मोल वायू २४.४६ लिटर जागा घेतो. त्याला १ लिटरमध्ये दाबायचं तर प्रत्येक कणामागे १.८९ खर्च येतो. एसएमडी १ मोलर वायूतून १ मोलर द्रावणात जाण्याची मुक्त ऊर्जा देतं, म्हणजे हा दाबण्याचा खर्च त्यात नसतो. तो तुम्ही मिळवायचा.

फ्रिक्वेन्सी द्रावकात काढली, म्हणून हा खर्च आपोआप आला असं समजू नका. पाण्याच्या मॉडेलमध्ये काढलेली मुक्त ऊर्जाही प्रोग्राम १ ॲटमॉस्फिअरच्या आदर्श वायूसारखीच मोजतो. १.८९ तिथेही लागतं. लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं झालं, तर हे ठेवा.

आपल्या अभिक्रियेत डावीकडे एक कण, उजवीकडे दोन. दोन वेळा १.८९ जमा, एकदा वजा, निव्वळ +१.८९. दोन रेणू जोडून एक होत असेल तर निव्वळ −१.८९. कण तेवढेच राहिले तर शून्य. कागदावर ठळक लिहिलेली कणांची संख्या इथे कामी येते.

आता प्रोटॉन. त्यात इलेक्ट्रॉन नाही, म्हणून प्रोग्रामला तो देताच येत नाही. वायूतली त्याची मुक्त ऊर्जा हाताने घ्यायची: १ ॲटमॉस्फिअरला −६.२८, आणि १ मोलरला −४.३९. पाण्यातलं त्याचं सॉल्व्हेशन प्रयोगांवरून येतं: १ मोलर वायूतून १ मोलर पाण्यात −२६५.९. याच मूल्याचं दुसरं रूप −२६४.० असंही छापलेलं सापडतं. ते १ ॲटमॉस्फिअर वायूतून १ मोलर द्रावणात जाण्याचं आहे, १.८९ त्यात आधीच धरलेलं. −२६४.० घेऊन वर प्रोटॉनचे १.८९ पुन्हा मिळवणं ही दुहेरी नोंद. मी स्वतः शिकताना नेमकी हीच चूक केली होती. एका मालिकेतल्या सगळ्या आम्लांचे पीकेए सारख्याच अंतराने वर सरकलेले दिसत होते, आणि मी तीन आठवडे फंक्शनल (ऊर्जा काढण्याचं सूत्र) बदलत बसलो होतो.

ॲसेटिक आम्लाची वही अशी मांडा:

- वायूतली आम्लता, १ ॲटमॉस्फिअर: +३४१.४
- १ मोलरला आणण्याचा निव्वळ खर्च: +१.८९
- ॲसिटेटचं सॉल्व्हेशन: −७७.६
- प्रोटॉनचं सॉल्व्हेशन: −२६५.९
- आम्लाचं सॉल्व्हेशन −६.७, ते वजा करायचं म्हणजे: +६.७

बेरीज ६.४९. भागिले १.३६४, उत्तर ४.७६.

इतकं सुंदर जुळलं म्हणून हुरळून जाऊ नका. वरचे सगळे आकडे प्रायोगिक आहेत आणि ॲसिटेटचं −७७.६ हे मूल्य याच चक्रातून, माहीत असलेला पीकेए वापरून काढलेलं आहे. त्यामुळे ही मॉडेलची परीक्षा होत नाही. उपयोग वेगळा आहे: तुमच्या स्प्रेडशीटमध्ये हे पाच आकडे घाला. ४.७६ आलं तर चिन्हं आणि सूत्रं बरोबर. नाही आलं, तर तुमचे आकडे घालायच्या आधी स्प्रेडशीट दुरुस्त करा.

वायूतल्या आम्लतेच्या प्रायोगिक मूल्यातच साधारण २ ची अनिश्चितता आहे, हेही वहीत लिहून ठेवा.

सावधान: प्रोटॉनचं मूल्य आणि आयनांचं मॉडेल एकाच मोजपट्टीवरचं हवं. एसएमडी −२६५.९ च्या पट्टीवर बसवलं आहे. जुन्या लेखांत वेगळी मूल्यं सापडतात. ती एसएमडीबरोबर जोडली की सगळी आम्लं एकसारखी सरकतात.

## टप्पा ५: प्रोटॉन काढून टाका, तुलना करा

थेट पद्धतीत ३४१ आणि −२६६ असे प्रचंड आकडे एकमेकांतून वजा होऊन सहा-सात उरतात. त्यात आयनाची ४ ची चूक मावत नाही. तुलनेच्या पद्धतीत ही चूक बऱ्यापैकी कटते.

क्लोरोॲसेटिक आम्लाचा पीकेए काढायचा आहे असं समजा. अभिक्रिया अशी लिहा: क्लोरोॲसेटिक आम्ल आणि ॲसिटेट यांच्यात प्रोटॉनची देवाणघेवाण होऊन क्लोरोॲसिटेट आणि ॲसेटिक आम्ल. दोन्ही बाजूंना एक आम्ल, एक आयन. प्रोटॉन गेला, त्याच्याबरोबर −२६५.९ गेलं, आणि कण दोन्हीकडे दोन म्हणून १.८९ सुद्धा गेलं. दोन कार्बोक्सिलेट आयनांबाबत मॉडेल जवळजवळ सारखंच चुकतं, ती चूकही वजा होते. या देवाणघेवाणीची मुक्त ऊर्जा १.३६४ ने भागा आणि ॲसेटिक आम्लाच्या ४.७६ मध्ये मिळवा.

प्रयोगातला आकडा २.८७ आहे, म्हणजे देवाणघेवाणीची मुक्त ऊर्जा −२.६ च्या जवळ यायला हवी. चिन्ह ऋणच: क्लोरीन इलेक्ट्रॉन ओढतं, आयन स्थिरावतो, आम्ल बळावतं. तुमच्याकडे धन आलं तर अभिक्रिया उलटी लिहिली गेली आहे.

जोडीदार निवडताना जात बघा. कार्बोक्सिलिक आम्लाला कार्बोक्सिलिक (फॉर्मिक ३.७५, बेंझोइक ४.२०), फिनॉलला फिनॉल (साधारण १०), अमोनियम आयनाला अमोनियम (मिथाइलअमोनियम १०.६). ॲसेटिक आम्लाच्या आधारे फिनॉलचा पीकेए काढायला गेलात, तर विद्युतभाराचा पसारा वेगळा असल्याने चूक कटायचं नाव घेत नाही. एका जोडीदारावर न थांबता दोन-तीन घेऊन उत्तरं किती पसरतात ते पाहा. तो पसारा ही तुमची प्रामाणिक चूकमर्यादा.

माझा स्पष्ट सल्ला: त्याच कुटुंबातला प्रयोगाने मोजलेला नातेवाईक मिळत असेल, तर तुलनेचीच पद्धत वापरा. थेट पद्धत नातेवाईक नसेल तेव्हाच.

## टप्पा ६: पाण्याचे खरे रेणू कधी घालायचे

विद्युतभार एका-दोन अणूंवर दाटलेला असेल, उदाहरणार्थ कार्बोक्सिलेट, अल्कॉक्साइड, छोटे अमोनियम आयन, तेव्हा जवळचं पाणी सलग माध्यम राहत नाही. ते नेमक्या दिशेने बंध करतं. अशा आयनाभोवती एक ते तीन खरे रेणू ठेवून बाहेर एसएमडी लावलं की उत्तर सुधारतं.

कुठे ठेवायचे? अंदाजाने नको. रेणूचं विद्युत विभव (आसपासच्या प्रत्येक बिंदूवर धन भाराला जाणवणारी ऊर्जा) काढा आणि सर्वांत ऋण तळ कुठे आहेत ते पाहा. पाण्याचा हायड्रोजन तिकडे. पुण्यात श्रीधर गद्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विभवाचे हे क्रांतिक बिंदू शोधून त्यांवरून रेणू एकमेकांजवळ कुठे बसतील ते ठरवण्यावर मोठं काम केलं आहे. पाणी बसवताना तोच विचार कामी येतो. ॲसिटेटमध्ये दोन ऑक्सिजनच्या मधला खळगा लगेच दिसतो, तिथे एकच पाणी दोन्ही हात देऊन बसतं.

पाणी घातलं की वहीत नवी नोंद येते. द्रवरूप पाणी १ मोलर नसतं, ५५.३ मोलर असतं, म्हणून अभिक्रियेत भाग घेणाऱ्या प्रत्येक पाण्याची मुक्त ऊर्जा १ मोलरच्या आकड्यापेक्षा २.३८ ने वर धरायची. पाणी फक्त उजवीकडच्या आयनाला चिकटलं असेल, तर डावीकडे तेवढे सुटे रेणू लिहायला विसरू नका.

तीनच्या पुढे जायची घाई करू नका. पाणी वाढलं की मांडण्या झपाट्याने वाढतात, प्रत्येकीचे कॉन्फॉर्मर शोधावे लागतात, सैल फ्रिक्वेन्सी ढीगभर येतात आणि टप्पा २ मधली ०.९५ ची चूक गुणाकाराने परत येते. एक, दोन, तीन असं वाढवत उत्तर कुठे स्थिरावतं ते पाहा. उड्याच मारत असेल, तर अजून एक पाणी घालून ते शांत होणार नाही, कॉन्फॉर्मर सुटले आहेत.

## वर्णपट आणि सिम्युलेशन यांना हीच वही लावू नका

यूव्ही शोषणात इलेक्ट्रॉन क्षणात वर जातो, द्रावकाच्या रेणूंना वळायला वेळ नसतो. फक्त त्यांचे इलेक्ट्रॉन प्रतिसाद देतात. पाण्यासाठी तो प्रतिसाद ७८.४ चा नसतो, अपवर्तनांकाच्या वर्गाचा, म्हणजे १.७८ चा असतो. म्हणून उभ्या संक्रमणासाठी असमतोल सॉल्व्हेशन वापरायचं. उत्तेजित अवस्थेची रचना ऑप्टिमाइझ करून उत्सर्जन पाहताना समतोल. ॲसिटोनची एन-पाय-स्टार पट्टी (ऑक्सिजनवरच्या मोकळ्या इलेक्ट्रॉनच्या उडीची) पाण्यात सुमारे ०.२ इलेक्ट्रॉनव्होल्टने निळ्या बाजूला सरकते, आणि नुसतं इम्प्लिसिट मॉडेल त्यातला काहीच भाग देतं. कार्बोनिलवर दोन पाणी ठेवा, मग उरलेलं मिळतं.

पाण्याची पेटी भरून केलेलं शास्त्रीय मॉलिक्युलर डायनॅमिक्स पीकेएसाठी सरळ वापरता येत नाही, कारण तिथे बंध तुटत नाहीत. त्यातून पाण्याच्या मांडणीचे नमुने उचलून क्वांटम कॅल्क्युलेशनला द्या, एवढा उपयोग नक्की.

## टप्पा ७: उत्तर चुकलं, तर चुकीचा आकार मोजा

फंक्शनल बदलण्याआधी प्रयोगातलं मूल्य आणि तुमचं उत्तर यांच्यातला फरक काढा. हिशेबाच्या चुकांना ठरलेला आकार असतो.

- १.४ अंक: १.८९ एकदा सुटलं किंवा दोनदा धरलं. −२६४.० वापरलं आहे का ते पाहा.
- २.८ अंक: १.८९ चं चिन्ह उलटं.
- ४.६ अंक: वायूतल्या प्रोटॉनचे −६.२८ विसरले.
- १.७ अंक, किंवा त्याची पट: पाण्याचे २.३८.
- ०.३ अंक: सममितीचा गुणक, म्हणजे दोनाच्या लॉगॅरिदमचे ०.४१. दोन सारखे आम्लगट असलेल्या रेणूत हमखास.
- उत्तर २.३ पट: मुक्त ऊर्जा १.३६४ ऐवजी ०.५९३ ने भागली, नैसर्गिक आणि दशमान लॉगॅरिदमची गल्लत. ६.४९ चे तेव्हा १०.९५ होतात. सुरुवातीचं अकरा आठवतंय? ते हेच.
- पाच-पन्नास अंक किंवा शेकडो: विद्युतभार चुकीचा, दोन रेणूंना दोन बेसिस सेट, किंवा हार्ट्रीचं रूपांतर राहिलं. एक हार्ट्री म्हणजे ६२७.५ किलोकॅलरी.

फरक यांपैकी कशातच बसत नसेल आणि दोन ते चार अंकांचा असेल, तर आधी कॉन्फॉर्मर पुन्हा पाहा. तेही ठीक असतील, तर आता मॉडेलवर संशय घ्यायला हरकत नाही: आयनाचा विद्युतभार कुठे दाटला आहे ते बघा आणि तिथे पहिलं पाणी ठेवा.